बावखलातल्या पायऱ्या

गिरीज, वसई
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सुनंदाताईस,
नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता चुलीत घालशील, अशी विनिताची पैज आहे. मी म्हटलं, भुसावळला ताईकडे आता गॅस आहे. तेव्हा तू वाचते आहेस असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो एकाएकी दिसेनासा झाला त्याचा अर्थ काय, तेही आमच्या प्रणवने मला समजावून सांगितलं. राहता राहिलं पोस्ट.

मी बरा आहे. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचे गुडघे जसे असावेत तसे आहेत. विनिताची साखर कधी वर, कधी खाली. प्रणव अंधेरीला नोकरी करतो, लग्नाचं नाव काढलं की जेवणावरून उठतो. वाडीतल्या पश्चिमेकडच्या नारळांपैकी चार उरलेत, बाकीचे वाळले. विहिरीचं पाणी खारट झालं हे तुला माहीत नसेल. आता आम्ही पिण्याचं पाणी टँकरचं घेतो. गिरीजच्या वाडीत राहून टँकरचं पाणी, बापू असते तर त्यांनी मला वाडीतून हाकललं असतं.

आता कामाचं. आपलं बुजलेलं बावखल पुन्हा उकरावं असं माझ्या मनात आहे. हल्ली इथे पुष्कळ जण म्हणू लागलेत की वाड्यांतली ही गोड्या पाण्याची तळी बुजवली म्हणून विहिरी खारावल्या. खरंच आहे ते. पण सातबाऱ्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव आहे. हक्कसोडीच्या कागदावर तू सही केली नव्हतीस, ते एका अर्थी बरंच झालं. सोबत संमतीपत्र जोडलं आहे. जिथे पेन्सिलीने फुल्या केल्यात तिथे सही करायची. २० डिसेंबरच्या आत मिळालं तर बरं.

एवढंच. दुसरं काही कारण नाही.

तुझा भाऊ,
गंगाराम

ता. क. पलटणीच्या बंगल्याची दुरुस्ती सुरू झाली आहे. तुला आठवत असेल म्हणून लिहिलं.


गिरीज
४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. तरी मी दिवसभरात वीस वेळा वाचलं असेन. "बापूंनी बुजवलं. तू सत्तावीस वर्षं त्यावर गप्प बसलास. आता तुला पाण्याचा एवढा पुळका कुठून आला? खरं कारण लिही, मग सहीचं बघू."

लहानपणी मी दुसऱ्यांच्या चिंचा चोरून आणायचो आणि तू माझे खिसे उलटे करायचीस, तसंच झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ता. क. मध्ये बंगल्याचं नाव काढायची मला काय गरज होती? पण काढलं. कदाचित तू विचारावंस म्हणूनच काढलं असेल.

तर ऐक. ऑगस्टमध्ये एक मुलगी आपल्या ओटीवर आली. उन्नती नाव. विरारची आहे, एकतीस-बत्तीस वर्षांची, जुन्या इमारती पूर्वीसारख्या नीट करण्याचं शिकून आली आहे. एका संस्थेने बंगल्याचं काम तिच्याकडे दिलंय. हातात टॅब, पायात चिखलाचे बूट. म्हणाली, "काका, नाइन्टी-सेव्हनला तुम्ही साइटवर सुपरवायझर होतात ना? फ्रंटचा दगडी जिना कुठे गेला, काही आयडिया आहे?"

मी म्हणालो, "ठेकेदाराला माहीत. तो वारला."

"आणि आता आहे तो सिमेंटचा जिना?"

"तो मी नाही केला," म्हणालो. मीच केला होता. सातिवलीच्या गोडाऊनमधून पोती मीच उचलून आणली होती.

तिने मला टॅबवर एक फोटो दाखवला. लढाईच्या काळात तिथे दोन-तीन लष्करी अधिकारी राहत होते, त्यांच्यातल्या कोणीतरी काढलेला. जिन्यावर तिघे बसलेत, एकाच्या मांडीवर कुत्रं. ती मला बंगल्याचा इतिहास सांगत होती आणि मी मान डोलावत होतो. पोर्तुगीजांच्या पडक्या घराचे दगड घेऊन इंग्रजांनी पलटणीच्या अधिकाऱ्यांसाठी तो बांधला, मग तिथे मिठाचं कोठार झालं, मग पुन्हा लष्कर, मग कुलूप. मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं. मला फक्त जिना ठाऊक होता.

तुलाही आहे. आजोबांच्या वेळेपासून बंगल्याच्या चुन्याला पाणी आपल्या बावखलाचं जायचं. खारं पाणी चुन्याला चालत नाही. बापू बैलगाडीवर पिंपं भरून न्यायचे, आपण दोघं पिंपांच्या मध्ये. बापू पाणी ओतेपर्यंत आपण खालून चौथ्या पायरीवर बसायचो, कारण तिच्यावर कोणा कंटाळलेल्या शिपायाने वाघबकरीचा पट कोरून ठेवला होता. तू बकऱ्या घ्यायचीस, मी वाघ. वाघ असून दर वेळी मीच कोंडला जायचो. आणि प्रत्येक पायरीला डाव्या अंगाला खळगा. बापू म्हणायचे, साहेब लोकांना उजवीकडून चढायची बंदी असावी.

आता सत्त्याण्णव सालचं. जिन्यात पिंपळाची मुळं शिरली होती. दगड सुटे करायचे, मुळं काढायची आणि तेच दगड त्याच जागी चुन्यात पुन्हा बसवायचे, असं ठरलं होतं. त्याची रीत अशी असते की दगड हलवण्याआधी प्रत्येकावर गेरूने आकडा घालतात. पायरी किती, डावीकडून कितवा. एकशे सात दगड होते. आपला नथू गवंडी, मिठागराकडचा, त्याने तीन दिवस बसून ते आकडे घातले. नंतर तो भाचीच्या लग्नाला गेला, दोन दिवसांसाठी.

त्या दोन दिवसांत निरोप आला की आमच्या खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार. दगड अंगणात रचलेले, सगळ्यांवर माती आणि शेवाळ. मला वाटलं, साहेब काय म्हणतील? मी चार बाया लावल्या आणि काथ्याने घासून सगळे दगड स्वच्छ धुऊन घेतले. लख्ख. साहेब आले, म्हणाले, "साइट क्लीन ठेवलीय, गुड." मला एवढा आनंद झाला की मी घरी येताना विनिताला जिलब्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी नथू आला. दगडांभोवती एक फेरी मारली. मग बसला तो डोक्याला हात लावूनच. म्हणाला, "सायेब, आकडे कुटं गेले?"

ताई, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. मी दगड बघत होतो, आकडे बघतच नव्हतो.

पुढचं उद्या लिहितो. आज हात थरथरतोय. खोटं आहे ते. हात ठीक आहे, धीर होत नाही.

गंगाराम


गिरीज
५ डिसेंबर २०२४

ताई,

सकाळी चहाआधीच बसलो आहे. चहानंतर माणूस शहाणा होतो आणि लिहायचं टाळतो.

ते दगड बावखलात आहेत. आपल्या बावखलात. एकशे सातच्या एकशे सात.

ठेकेदार म्हणाला, जिना कोणाला जुळवता येणार नाही, पुढच्या पाहणीत तुझी नोकरी जाईल आणि माझं बिल अडकेल. सिमेंटचा जिना ओतून टाकू, दगड कुजके निघाले असं लिहू. दगड खाडीत टाकायचं त्याच्या मनात होतं. मीच म्हणालो, खाडीत कोळी लोकांची जाळी असतात, बोभाटा होईल. आमचं बावखल आहे. हे माझ्या तोंडून निघालं, दुसऱ्या कोणाच्या नाही. एक मन असंही म्हणत होतं की तिथे निदान हरवणार तरी नाहीत, कधीतरी काढता येतील. ते मन माझं होतं की मी नंतर बनवलं, आता मला सांगता येत नाही.

निर्मळच्या जत्रेचा दिवस निवडला. कार्तिक वद्य एकादशी. सगळं गाव जत्रेला, विनितासुद्धा प्रणवला कडेवर घेऊन गेलेली. गोखिवऱ्याहून भाड्याने घेतलेले तीन ट्रक बंगल्यावरून दगड भरून आले. भर दुपारी दगड पडत होते आणि पाणी उडून केळींच्या पानांवर येत होतं. दगडांवर मग तांबडी माती, दोन दिवस. घरी एकटे बापू होते, ओटीवर खाटेला खिळलेले. मला वाटलं होतं, त्यांना एवढ्या लांबचं दिसत नाही.

संध्याकाळी त्यांना पेज भरवायला बसलो. दोन घास घेतले आणि म्हणाले, "जिन्याचे दगड ना रे? चौथी पायरी उलटी पडली. पट दिसला मला."

मी पुढचा चमचा भरला. ते म्हणाले, "रहाटाचे पोहरे तरी काढून ठेवायचेस." आपल्या आईने ज्या रहाटावर उभं राहून उभी वाडी शिंपली, तो रहाटही मी मातीखाली घातला होता. घाईत माझ्या लक्षात आलं नाही. एक पोहरा काठावर उपडा पडला होता तो तेवढा मी आणला.

मी वाटी खाली ठेवली तेव्हा म्हणाले, "सुनंदा आली की मी सांगेन, मीच बुजवलं म्हणून. तू मध्ये बोलू नकोस. तुझं पोर लहान आहे, नोकरी राहिली पाहिजे. माझ्यावर रागावून तिचं काय बिघडतंय? मी आता जाणाराच. तुमचं दोघांचं नीट राहू दे."

मी "नको" म्हणालो नाही, ताई. एकदाही नाही. उठलो, त्यांचं तोंड पुसलं आणि भांडी घासायला ठेवली.

पुढचं तुझ्यासमोर झालं. तू डिसेंबरात आलीस, पिशवी हातातच, ओटी चढायच्याही आधी वाडीत गेलीस. परत आलीस तेव्हा तुझ्या चपलांना तांबडी माती होती. बापूंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. तू म्हणालीस, "बापू, लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात? बावखलात पाणी आहे तोवर तुझं माहेर आहे. म्हणजे आता नाही ना?" ते भिंतीकडे बघत राहिले. मी दाराला टेकून उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. तू चहाही न घेता वसई स्टेशनला गेलीस. वर बापू गेल्यावर मी शहाण्याने वर्षभरात हक्कसोडीचा कागद धाडला, तिथे तुझं माझंही संपलं.

बापूंनी तुला दिलेला शब्द मोडला नाही. मी मोडला. सत्तावीस वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावली आहेस, आणि मी तुला रागावू दिलं आहे.

उन्नती जिन्यासाठी तसेच दगड शोधत खाणी पालथ्या घालते आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा. सिमेंटचा जिना मागच्या भिंतीत पाणी मुरवतो, भिंतीला चीर गेली आहे, तो काढावाच लागणार. ३१ डिसेंबरला ती नव्या दगडांची ऑर्डर देणार. त्याआधी बावखल उकरायचं तर दोघांच्या सह्या लागतात. हे खरं कारण. पाण्याचा पुळका नंतरचा.

सही कर असं आता म्हणायला तोंड नाही. कागद तुझ्याकडे आहे.

गंगाराम


गिरीज
२८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

संमतीपत्र १४ तारखेला मिळालं. पाकिटात दुसरं काहीच नव्हतं. चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट फाडून उलटं केलं, तेव्हा विनिता म्हणाली, "सही केली हेच पत्र समजा." सही तीच, 'सु' ला तसंच लांब शेपूट.

ज्या दिवशी कागद आला त्याच दिवशी मी उन्नतीकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती सिमेंटच्या जिन्यावर बसली होती. उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. "काका, मी तुमच्याकडे चार वेळा आले. चार वेळा चहा प्यायले." एवढंच म्हणाली. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

वरची माती जेसीबीने काढली, पुढे हाताने. दगडांची एक ओळ लागली. नथूला आणायला मीच रिक्षा घेऊन गेलो होतो. ऐंशीच्या पुढे आहे, एका डोळ्याने दिसत नाही. तेव्हा गावात बोलवा झाली होती की दगड नथूने विकले. त्याला नंतर कोणी बंगल्याच्या कामावर घेतलं नाही. तेही मी कानांनी ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं. त्याच्या अंगणात उभा राहून मी हे त्याला सांगितलं. त्याने हातातली विझलेली विडी जमिनीवर रगडली.

"सत्तावीस वर्सं मी चोर व्हतो काय रं?" म्हणाला. पूर्वी मला सायेब म्हणायचा. "माझी म्हातारी गेली, ती बी लोकांची तोंडं चुकवीत गेली." मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले. मग काठी शोधली आणि म्हणाला, "चल. दगड तरी बगू दे."

खड्ड्यात उतरवताना त्याने माझा हात धरला नाही, उन्नतीचा धरला. पण खाली गेल्यावर म्हातारा बदलला. दगडावर तळवा फिरवायचा आणि सांगायचा, हा खालचा, हा मधला, हा कठड्याचा. साहेबांच्या बुटांनी पाडलेले ते डावीकडचे खळगे, ते खालच्या पायऱ्यांना खोल आणि वर वर उथळ होत जातात म्हणे. उन्नती फोटोशी ताडून बघत होती आणि दर वेळी म्हणत होती, "करेक्ट, आजोबा." ती आकडे गेरूने घालायला लागली तर नथू तिच्यावर ओरडलाच. या खेपेला आकडे छिन्नीने, दगडाच्या पोटाकडून.

मी काठावर उभा होतो. तेव्हाही हे जमलं असतं का? मी नथूला नीट विचारलंच नव्हतं. भ्यालो आणि दगड गाडले. एक प्रश्न विचारला असता तर बावखल राहिलं असतं, बापूंची लेक राहिली असती. हे मला त्या काठावर कळलं आणि मी तिथेच केळीच्या बुंध्याला धरून रडलो. लोकांनी पाहिलं. पाहू दे.

चौथी पायरी सगळ्यात शेवटी निघाली. उलटीच पडलेली होती, बापू म्हणाले तशी. म्हणून पट शाबूत आहे. उजव्या कोपऱ्यात तू खिळ्याने 'सु' कोरला होतास, त्याच्या शेजारी मी 'गं' कोरायला गेलो आणि नुसतं टिंबच झालं, तेही आहे.

दगड निघाल्यावर तळाशी सकाळपर्यंत घोट्याएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पोटरीएवढं पाणी. नथूने ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाला, "ग्वाड पानी हाय." जिन्याचा चुना याच पाण्यात मळणार आहेत. हे उन्नतीने ठरवलं, मी सुचवलं नाही. सुचवायचा मला हक्क नाही.

बंगल्यापुढे माहितीची पाटी लागणार आहे. तिच्यात सत्त्याण्णव सालच्या दुरुस्तीबद्दल एक वाक्य आहे. उन्नती म्हणाली, "काका, 'चुकीच्या पद्धतीमुळे' एवढंच टाकूया का? नाव कशाला?" मी म्हटलं, टाक. सुपरवायझर गंगाराम राऊत यांच्या चुकीमुळे. आणि दगड पुन्हा ओळखले नथू गवंडी यांनी, हेही त्याच अक्षरात, तेवढ्याच मोठ्या.

तुझा,
गंगाराम


गिरीज
९ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र काल आलं. खरं पत्र, दोन पानांचं. विनिताने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच कागद प्रणवकडे दिला, पुढचं त्याने वाचलं. तू १३ तारखेला येते आहेस. संक्रांतीला इथे असशील. प्रणवने लगेच तुझी खोली झाडायला काढली. विनिता तिळाचे लाडू तुझ्या पद्धतीने करायचे की तिच्या, या चिंतेत आहे. घरात इतका आनंद मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

तू लिहिलंस, "झालं गेलं, गंगा. तू भ्यालास. लहान होतास तेव्हाही भित्राच होतास. मी तुला माफ केलं." आणि खाली लिहिलंस, "बापूंचा फोटो पुसून ठेव. मला त्यांच्यापुढे बसायचं आहे, त्यांची माफी मागायची आहे. पण त्यांनी जाण्याआधी मला एकदा तरी बोलवायला हवं होतं रे. राग काय, मी आले असते."

हे वाक्य प्रणवने वाचलं तेव्हा मी उठून वाडीत गेलो. रात्री जेवलो नाही. विनिताला वाटलं, आनंदाने.

त्यांनी बोलावलं होतं, ताई.

शेवटच्या आठ दिवसांत रोज. "सुनंदाला फोन लाव. ये म्हणावं. मला तिला खरं सांगायचंय, हे घेऊन जाववत नाही." तुमच्या शेजारी फोन होता, त्याचा नंबर माझ्या डायरीत होता. डिसेंबरात तशा रागातही फाटकाशी वळून तू मला दिला होतास, बापूंना जास्त झालं तर कळव म्हणून. मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. आठ दिवसांत तीनदा गेलो. दोनदा नुसता उभा राहून आलो. तिसऱ्यांदा नंबर लावला, पलीकडे घंटी वाजली, एका बाईने "हॅलो" म्हटलं आणि मी ठेवून दिला. बूथवाल्याने विचारलं, "नाय लागला?" मी म्हणालो, "नाय लागला."

तू आली असतीस तर बापूंनी सांगितलं असतं. मग तू ठेकेदाराकडे गेली असतीस, साहेबाकडे गेली असतीस, तू गप्प बसणारी नाहीस. मी हे सगळं त्या बूथमध्ये उभा राहून मोजलं होतं. हे भिऊन केलं असं म्हणू नकोस. जिना भिऊन गाडला, पण हे मी विचार करून केलं.

घरी आलो. बापू दाराकडे डोळे लावून होते. मी त्यांना सांगितलं, "लावला फोन. ताई म्हणाली, येत नाही."

ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

पुन्हा त्यांनी तुझं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. मग मी तुला तार केली.

म्हणजे तुला वाटलं त्यांनी बोलावलं नाही, आणि त्यांना वाटलं तू आली नाहीस. मधला मी होतो. हे नथूला माहीत नाही, विनिताला माहीत नाही, पाटीवर येणार नाही. झाकली मूठ म्हणून ठेवली असती तर मेल्यावर माझ्याबरोबर जळून गेली असती. तू आनंदाने आली असतीस, फोटोपुढे बसून स्वतःला दोष दिला असतास आणि मी मागे तिळाची ताटली घेऊन उभा राहिलो असतो. कालपर्यंत मी तेच करणार होतो. पण तुला बापूंची माफी मागायची आहे. जी चूक तुझी नाहीच, तिची माफी तुला मागू द्यायची, एवढं माझ्याच्याने होत नाही.

हे स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. ११ तारखेला तरी मिळावं, तुझ्या गाडीच्या आधी. तू दिलेली माफी तू हे न वाचता दिली होतीस, तेव्हा ती मी धरत नाही.

आलीस तर मी घरी नसेन. चार दिवस नथूकडे राहायला जातो. त्याला विचारलं, तो म्हणाला, "ये, पन बोलू नको." विनिता आणि प्रणवला सांगेन, का ते तू सांग किंवा सांगू नकोस. बापूंचा फोटो मी पुसून ओटीवर लावला आहे, त्यांची खाट होती त्या बाजूला. खाली तो एक पोहरा ठेवला आहे, आईच्या रहाटाचा. बंगल्यावर गेलीस तर सात पायऱ्या बसल्या आहेत. चुना अजून ओला आहे, पण चौथीवर बसायला हरकत नाही असं उन्नती म्हणते. वाडीचं फाटक कडी न लावता ठेवतो.

नाही आलीस तरी तुझं बरोबर आहे.

फक्त एवढं बापूंच्या वतीने लिहितो, कारण सांगायला ते नाहीत. आज सकाळी काठी घालून पाहिली. बावखलात कमरेइतकं पाणी आहे.

गंगाराम